बाईंचं माजघर

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मी आधी वर बघतो. चपला काढता काढताच मान मागे जाते. धाकटीच्या लग्नाची बोलणी करायला कामोठ्याला गेलो होतो, तेव्हा मुलाचे वडील थोडा वेळ माझ्याकडे, मग छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गळत नाही हो. मागच्याच वर्षी स्लॅबचं काम करून घेतलंय." बायकोने कोपर मारलं. लग्न जमलं, पण त्या घरात माझं नाव 'स्लॅबवाले व्याही' पडलं ते पडलंच.

ही सवय माझी नव्हे. डॉ. कुमुद वर्तकांची. त्यांनी ती मला दिली असं म्हणायचा धीर होत नाही. मी उचलली. त्यांच्याकडून मी बरंच काही उचललं, आणि बदल्यात त्यांना काय दिलं ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलोय.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलच्या बाहेर रंगाला लागणारी रेझिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. म्हणजे पगारपत्रकावर होतो. एका दुपारी मी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि सहा माणसांचे बूट जमिनीला कायमचे चिकटले. माणसं मोज्यांवर घरी गेली. दुसऱ्या दिवशी मालकांनी, ज्यांना सगळे शेठ म्हणत, मला मागच्या आवारातल्या शेडमध्ये पाठवलं. "तिथे फक्त जंतू आहेत," ते म्हणाले. "त्यांना बूट नसतात."

शेडच्या दारात वर्तकबाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात रबरी चपला. डाव्या डोळ्यावर भुवई नव्हती. मी नमस्कार केला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पँट काढा, दामले."

नवी टेरिलीनची पँट होती, मुद्दाम शिवून घेतलेली. बाईंचं म्हणणं असं, की टेरिलीन-नायलॉन अंगावर घासलं की वीज साठते आणि ठिणगी पडते, आणि या शेडमध्ये ठिणगीला प्रवेश नाही. तो सबंध दिवस मी नामाभाऊंच्या चट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात काढला. नामाभाऊ शेडचे फोरमन, विचुंब्याचे शेतकरी, अंगाने माझ्या दीडपट. एका हाताने लेंगा धरून दुसऱ्या हाताने मी नोंदी केल्या. नामाभाऊ म्हणाले, "साहेब, नाडी हाय त्याला. बांधली तरी चालते."

दाराशी जमिनीत गाडलेली तांब्याची पट्टी होती. आत जाताना तिला हात लावायचा, म्हणजे अंगातली उरलीसुरली वीज मातीत जाते. नामाभाऊ हात लावून तो कपाळाला नेत. बाई हात लावत आणि वर बघत. छपराच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर रुंदीची फट त्यांनी मुद्दाम ठेवून घेतली होती. पाऊस आत यायचा, शेठ चिडायचे. बाई म्हणायच्या, "पाऊस खाली येतो तो दिसतो. वर जातं ते दिसत नाही. जागा त्याला हवी."

त्या शेडमध्ये एक स्टीलचा हंडा होता, दोन माणसांच्या उंचीचा. त्यात खारं पाणी आणि पाण्यात बाईंचे जिवाणू. त्यांचं अन्न एकच, मिथेन. आपण तूपभात खावा तसा ते हा गॅस खात. खाताना आधी त्याचं मिथेनॉल करत आणि मग तेही पचवून टाकत. बाईंची युक्ती अशी, की पाण्यात मीठ नेमकं इतकंच ठेवायचं की पहिला घास त्यांच्या घशाखाली उतरावा आणि दुसरा अडावा. मग ते मिथेनॉल तसंच पाण्यात टाकून देत आणि आपण गोळा करायचं. "पोरांनी ताटात टाकलेलं आपण खातो तसं," बाई म्हणत. कारखान्याला मिथेनॉल लागायचंच, टँकरने बाहेरून यायचं. ते मागच्या आवारात पिकू लागलं तर शेठना हवंच होतं. फक्त पिकायचं ते बादलीच्या मापात, आणि शेठना टँकरच्या मापात मोजायची सवय.

बाई जिवाणूंचा उल्लेख 'ती' असा करत. एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी आमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला आणि निरोप ठेवला, "दामल्यांना विचारा, ती जेवली का." शेजारीणबाईंनी हा निरोप माझ्या बायकोला जसाच्या तसा दिला, वर फोन बाईमाणसाचा होता हेही सांगितलं. पुढचे दोन दिवस घरात मला जेवलात का असं कोणी विचारलं नाही.

पण या मायेच्या पोटात एक भीती होती, आणि ती बाईंनी मला पहिल्या आठवड्यातच दाखवली. जिवाणूंना खायला गॅस लागतो आणि श्वासाला हवा. दोन्ही एकाच हंड्यात सोडावी लागते. आणि गॅस आणि हवा एकत्र म्हणजे काय, हे सांगायला त्या मला विचुंब्याला घेऊन गेल्या.

नामाभाऊंची खाडीकडेची खार जमीन होती. भरतीचं पाणी अधूनमधून शिरायचं, तरी भात व्हायचा. बाईंनी म्हणे चाळीसएक ठिकाणचा चिखल तपासला होता, उरणच्या मिठागरांपासून खारघरच्या डोंगरपायथ्यापर्यंत. मीठ सोसून गॅस खाणारा जिवाणू फक्त या एका पट्ट्यात सापडला. सात वर्षं गेली होती त्यात. मी बांधावरून उतरलो आणि कमरेपर्यंत रुतलो. नामाभाऊंनी मला बखोटीला धरून उपटलं. एक चप्पल अजून तिथेच आहे.

बाईंनी काचेची बाटली पाण्यात उलटी धरली आणि काठीने चिखल ढवळला. बुडबुडे आले, बाटलीत चढले. बांधावर येऊन त्यांनी काडी लावली. बाटलीच्या तोंडाशी निळसर ज्योत शांतपणे जळत राहिली, समईसारखी.

"हे परसदार," बाई म्हणाल्या. "गॅस फार, हवा थोडी. नुसतं जळतं."

दुसऱ्या बाटलीत त्यांनी जेमतेम चार बुडबुडे घेतले. काडी धरली. काहीच झालं नाही.

"ही ओसरी. गॅस नावाला. शंभर भागांत पाचापेक्षा कमी."

तिसरी बाटली त्यांनी फडक्यात गुंडाळली, आम्हाला मागे सरायला सांगितलं आणि लांब काठीला बांधलेली काडी पुढे केली. आवाज फार मोठा नव्हता. भप्प, एवढाच. फडकं उलगडलं तर आत काचेचा चुरा.

"पाच ते पंधरा. हे माजघर. इथून आपल्याला रोज जावं लागतं, दामले, हंडा सुरू करताना आणि बंद करताना. भरभर जायचं. थांबायचं नाही. आणि माजघरात दिवा लावायचा नाही."

परतताना मी विचारलं, "भुवई अशाच प्रयोगात गेली का?" वाटलं, त्या हसतील.

"आधीच्या नोकरीत," बाई म्हणाल्या. "तिथे आम्ही दोघं होतो." दुसऱ्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

दरवर्षी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. हत्यारांना हळदकुंकू, मोटारींना झेंडूच्या माळा, नारळ, आरती. आमच्या शेडमध्येही व्हायची, पण बाईंच्या रीतीने. आदल्या दिवशी सकाळीच त्या गॅस बंद करत, हंड्यातून नायट्रोजन सोडत, शेड दिवसभर वाऱ्यावर ठेवत. दुसऱ्या दिवशी थंड हंड्याला कुंकू लावून समई लावायची. जिवाणू एक दिवस उपाशी राहात. "नवरात्रातला उपास," बाई म्हणत. "त्यांनाही पुण्य नको का?"

त्या वर्षी शेठनी पाहुणे बोलावले होते. मोठा कारखाना काढण्यात भागीदार होऊ शकतील अशी माणसं. शेठनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. "दामले, पाहुण्यांना काय, बंद पडलेला हंडा दाखवू? जिवाणू खाताना दिसले पाहिजेत. आणि वरची ती फट. पावसाचा भरवसा नाही. पाहुण्यांच्या डोक्यावर टिपकं पडायला नको. एवढं तुम्हीच बघा. बाईंना कशाला त्रास."

'तुम्हीच बघा' हे शब्द मला नोकरीत कोणी प्रथमच म्हणत होतं. बूट प्रकरणानंतर तर नाहीच. मी बघतो म्हणालो.

बाईंना मी सांगितलं की शेठचा हुकूम आहे, हंडा चालूच राहील. त्या शेठकडे गेल्या, परत आल्या, चेहरा दगडासारखा. "चालू ठेवा," म्हणाल्या. "समई लावायची नाही. आरती दाराबाहेर. गॅसचा मीटर सतत बघायचा." एवढं सांगून त्या बेलापूरला एका ऑफिसात नामाभाऊंच्या जमिनीचे कागद द्यायला गेल्या. उद्या सकाळी तिकडूनच लवकर येते म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी मांडववाल्याला बोलावलं. त्याने फटीच्या खाली, शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, निळ्या प्लास्टिकचा कागद ताणून बांधला. बाजूंनी कनाती लावल्या, दिसायला छान. हंड्याच्या मानेपाशी थोडा गॅस नेहमीच निसटायचा. फिरत्या दांड्याच्या सांध्यातून अगदी थोडा. तो फटीतून निघून जायचा, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नसे. मलाही आठवलं नाही.

आता माझ्या कर्तबगारीचा कळस. गॅस मोजायचा मीटर तुळईच्या खिळ्याला, डोक्याच्या बराच वर टांगलेला होता. नेमकं तिथेच तोरण लावायचं होतं. मी विचार केला. घरी सिलेंडर बदलताना बायको काय करते? खाली वाकते, शेगडीच्या पायाशी वास घेते, मग दार उघडते. गॅस खाली बसतो हे पनवेलमधल्या कुठल्याही गृहिणीला माहीत आहे. मीटर वर टांगण्यातच बाईंची चूक होती असं मला वाटलं. मी तो काढला आणि दारामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधला. झेंडूच्या माळेतला दोरा उरला होता, त्याने.

मी एम.एस्सी. आहे. मिथेन हवेहून हलका असतो आणि त्याला वास नसतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. पण उत्तरपत्रिका एकदा दिली की ज्ञान परीक्षकाकडे राहतं असा माझा अनुभव आहे.

खंडेनवमीची सकाळ. वारा अजिबात नव्हता. दहा वाजता शेठ, पाच पाहुणे, त्यांच्यातल्या दोघांच्या बायका, कारखान्यातली वीसेक माणसं शेडमध्ये जमली. शेठनी दाराबाहेरची आरती आत आणवली. "देव बाहेर आणि हंडा आत, असं कुठे असतं?" हंड्याच्या काचेतून पाणी गढूळ, फेसाळलेलं दिसत होतं. शेठ सांगत होते, "बघा, खातायत." मी मीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर. समाधानाने मी तबक उचललं, त्यात कापूर ठेवला, आणि काडेपेटी उघडली.

बाई त्या क्षणी दारात आल्या. बेलापूरहून येणारी एसटी चुकली होती, रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी तांब्याच्या पट्टीला हात लावला आणि वर बघितलं.

त्यांच्या मागे उभे असलेले नामाभाऊही वर बघत होते. ते हळूच म्हणाले, "बाय, वारा नाय. मंग त्यो कागद वर का चढलाय?"

आदल्या संध्याकाळी तो निळा कागद मधोमध खाली झोळ खाऊन लोंबत होता. मीच मांडववाल्याला ताण म्हणून सांगितलं होतं. आता तो उलटा, वरच्या बाजूने फुगला होता. टम्म, तव्यावरच्या पोळीसारखा. अगदी स्थिर.

बाई ओरडल्या नाहीत. त्या सरळ चालत माझ्यापर्यंत आल्या, माझ्या बोटांत धरलेली काडी काढून घेतली, पेटी मिटली आणि कमरेला खोचली. माझ्या कानाशी म्हणाल्या, "दामले, आपण माजघरात आहोत."

मग मोठ्याने, हसऱ्या आवाजात: "मंडळी, यंदा आरती फाटकापाशी. हंड्याला गर्दी सोसत नाही. चला, टाळ्या वाजवत चला. बटणाला कोणी हात लावू नका, पंखा चालू तर चालू, बंद तर बंद. ताई, त्या साडीचा पदर नीट धरा, कशाला घासू देऊ नका."

आणि त्यांनी स्वतः आरती सुरू केली. बाईंचा आवाज वाईट होता. तीसेक माणसं त्या बेसूर आवाजामागे टाळ्या पिटत फाटकापर्यंत गेली, कुणाला काही कळलं नाही. मला कळलं होतं. मी तबक धरून सगळ्यांच्या पुढे होतो. हे लिहायची लाज वाटते, पण सगळ्यांच्या पुढे होतो.

फाटकाबाहेरच्या खांबावरून त्यांनी वीज तोडायला लावली. मग बाई आणि नामाभाऊ अनवाणी परत आत गेले. मी फाटकातून बघत होतो. गॅसची चावी फिरवली. कनाती उघडल्या. नामाभाऊंनी लांब बांबूला एक बाटली उलटी बांधून ती कागदाखाली धरली, खाली घेतली, आणि बाईंनी तिला बूच मारलं. मगच कागदाच्या गाठी सोडल्या. कागद एकदम पडला नाही. आधी एका कडेने उचलला गेला, मग एक लांब श्वास सोडल्यासारखा खाली बसत गेला. त्याला बराच वेळ लागला.

वीज नाही म्हणून हंडा ढवळला जाईना, हवा जाईना. दुसऱ्या दिवसापर्यंत बाईंनी काही सुरू करू दिलं नाही. हंड्यातलं पाणी करडं पडलं. ती मेली.

खंडेनवमीच्याच संध्याकाळी, कोणी नसताना, मी दारामागचा मीटर सोडला आणि पुन्हा तुळईच्या खिळ्याला टांगला. माझ्या हातून आवाज न होता, काही न सांडता झालेलं ते एकमेव काम.

पाहुणे आरती अर्धवट सोडून गेले होते. दोन दिवसांनी शेठच्या केबिनमध्ये बाई, नामाभाऊ आणि मी. बाईंनी टेबलावर बुचाची बाटली ठेवली. "कागदाखालची हवा आहे. पेटवून दाखवू?"

शेठनी खुर्ची मागे घेतली. "इथे नको. बाटलीत काय, कुठूनही भरता येतं. दामले, त्या दिवशी मीटर चालू होता?"

"हो."

"काय दाखवत होता?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "शून्य."

ते खरं होतं. त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं एकच वाक्य पूर्णपणे खरं होतं आणि ते माझं होतं.

"बाई, मीटर शून्य म्हणतो. तुम्हाला कसं कळलं?"

"वर बघितलं."

शेठ हसले. नामाभाऊ बोलायला पुढे झाले तर बाईंनी हाताने थांबवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. हंड्याच्या काचेतून पाण्याचा रंग बघत तशा. मग त्यांनी बाटली पिशवीत घातली, छत्री घेतली आणि गेल्या. नामाभाऊंनी त्याच आठवड्यात काम सोडलं.

शेड माझ्याकडे आली. फ्रीजमधल्या नळ्यांमध्ये बाईंचे मूळ जिवाणू होते, ते सगळे मी हंड्यात सोडले. माझ्या ताब्यात ती तीन आठवडे जगली.

दोन महिन्यांनी शेठ म्हणाले, बाईंना समजावून परत आणा. बाई नामाभाऊंकडे असतात असं कळलं होतं, म्हणून मी विचुंब्याला गेलो. नामाभाऊंच्या गोठ्यामागे शेणाच्या गॅसची टाकी होती. बाई पाटावर बसून टाकीच्या नळीतून इंजेक्शनच्या सुईने गॅस ओढून छोट्या बाटल्यांत भरत होत्या. पाच-सहा बाटल्या, तळाशी चिखलाचं पाणी.

"या दामले. सुती पँट घातलीत. बरं केलंत."

मी शेठचा निरोप सांगितला. बाईंनी विचारलं, "छपराची फट उघडी आहे ना?"

"पत्रा ठोकून बुजवली."

"मग तुम्ही तिथे उभे कसे राहता?"

मी ज्यासाठी खरं आलो होतो ते बोलून टाकलं. "बाई, मीटर मी खाली बांधला होता. नंतर परत वर टांगला."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "फाटकाकडे जाताना दारामागे पाहिला. झेंडूचा दोरा होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला विचारलं होतं."

त्यांनी सुई भरून घेतली. मग घरात गेल्या आणि ती बुचाची बाटली घेऊन आल्या. कमरेची काडेपेटी काढली. तीच, खंडेनवमीची. दोन्ही माझ्या हातात दिली. "शेठना नको होतं. तुम्ही बघा. लांब धरा. त्या दिवशी काडी तुमच्याच हातात होती."

मी बाटली धरून उभा राहिलो. आत काहीच दिसत नव्हतं. काडी काढली, परत पेटीत ठेवली. बाईंनी माझ्या हातातून पेटी घेतली, बाटली नाही घेतली.

तेवढ्यात खाडीकडून गाड्यांचे आवाज आले. नामाभाऊ बांधावरून पळत आले. "बाय, आपल्या पट्ट्यावर आले. मुरूम वततायत. मी सांगितलं परवापर्यंत थांबा, आयकत नाय."

ती जमीन नव्या वसाहतीत गेली होती. नामाभाऊंना ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, फक्त इतक्यात येतील असं वाटलं नव्हतं. बाईंनी पाटाजवळचा पत्र्याचा डबा उचलला, चिखल आणायचा, आणि साडी खोचत बांधावरून भराभर निघाल्या. मी चिखल पाहून बांधावरच थांबलो. माझी एक चप्पल त्याच पट्ट्यात होती.

डंपर मागे सरकत होते. लाल मुरमाचे ढीग काळ्या पाण्यात पडले की खालून बुडबुडे यायचे, एकदम, पुष्कळ, उकळी फुटल्यासारखे. एका डंपरच्या दारात ड्रायव्हर बिडी ओढत बसला होता. बाई त्याच्यापासून वीस पावलांवर थबकल्या. हात वर केला, त्याला काहीतरी सांगितलं. इंजिनांच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नसावं. तो बिडी ओढत राहिला. धुळीत बाई उभ्याच होत्या, डबा हातात, मान मागे टाकलेली, वर बघत.

मीही वर बघितलं. तिथे काहीही नव्हतं.

त्या पट्ट्यावर आता इमारती उभ्या आहेत, खालपासून वरपर्यंत माणसांनी भरलेल्या. बाटली माझ्याकडे आहे. बूच अजून काढलेलं नाही.